टोबणी

चौदा दिवस झाले की सेन्सर मरतो.
उत्पलाच्या दंडावरून मी तो सोलून काढतो,
खोबरेल लावून, कडेकडेनं.
ती भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहते.
नवा बसवायचा डबा तळहातात मावतो.
दाबला की खट्ट.
सुई आत जाते, केसाएवढी तार ठेवते,
सुई बाहेर येते.
इतकंच काम.

मे महिन्यात ती बाहेर आली नाही.
अडकली अर्ध्यात.
पोरगी रडली नाही, तेच वाईट.
"मामा, हा राहू दे, दुसरा काढ," म्हणाली.
दुसरा नव्हता.

मी फवारणीचे पंप दुरुस्त करतो,
शेंदूरजना घाटला, वरूड रोडवर.
त्या रात्री शटर अर्धं ओढून
हॅक्सॉच्या पात्यानं डबा कापला
आणि पेपरावर मांडत गेलो. तेवीस भाग.
एक स्प्रिंग ढकलायला, एक मागं ओढायला,
पहिलीला अडवणारा आकडा,
आकड्याला सोडवणारी कडी,
कडीनं घाई करू नये म्हणून तिच्यावर आणखी एक कडी,
तहसिलीत शिपायावर शिपाई, तसं.
पंपाचं मला ठाऊक आहे:
तो टाकीतून गळत नाही, जोडातून गळतो.
आणि प्रत्येक जोड कुणीतरी
आधीच्या जोडाची भीती वाटून बसवलेला असतो.

जूनच्या तोंडाशी पंचफुलाबाई
ठिबकच्या नळीशेजारी सरकी टोबत होती.
तिच्या पोराचा पंप द्यायला गेलो
आणि धुऱ्यावरच उभा राहिलो.
बोट मातीत. बोट बाहेर.
बी तिथंच.
बोट नेमकं कुठं थांबलं, कुठून वळलं,
मला दिसलंच नाही.
टोबायला एक ताकद, उपटायला दुसरी,
असं काही नव्हतं तिच्याजवळ.
मनगटातून निघालेला एकच हेलकावा
तळाशी जाऊन आपोआप वर येत होता.
"किती खोल, कसं समजते बाई?"
"पेरभर," ती म्हणाली. "माती सांगते ना बापू.
मी काही बोटाले विचारत नाही."
आणि बोट पदराला पुसलं.

मग एकच स्प्रिंग घेतली, घड्याळात असते तशी गुंडाळीची.
एक चाक. चाकाच्या कडेला खिळा.
चाक एकदाच पूर्ण फिरतं:
अर्ध्या फेऱ्यात सुई खाली,
उरलेल्या अर्ध्यात वर.
परत येण्यासाठी वेगळं काही लागतच नाही.
पाच भाग झाले.
पाचव्याशी तीन आठवडे भांडलो,
तो राहिला. असू दे.

तोवर आंबिया बहार उतरला.
वखारीतून डागी संत्री पाटीनं आणली,
साल म्हणजे कातडी समजून टोचत गेलो.
पहिल्याचा रस डोळ्यात उडाला.
अडतिसाव्यात सुई आली वर,
पण तारही आली तिला चिकटून,
ओलं बोट बी परत घेऊन येतं तशी.
तेव्हा तो पदर आठवला.
सुईच्या खाचेला बारीक घासकागद मारला.
एकोणचाळिसाव्यात राहिली.
पंचेचाळिसाव्यात नाही. मग राहत गेली.

"हे तुझ्या दंडाला लावायचं नाही,"
मी उत्पलाला आधीच सांगितलं.
याला शिक्के लागतात, धुतलेली हवा लागते,
माझ्या दुकानात ग्रीस आहे अन् कीटकनाशकाचा वास.
नकाशा कंपनीच्या पत्त्यावर पाठवला आहे.
पोस्टमन येतो, विजेचं बिल देतो, जातो.

काल तिनं हट्टानं हातात घेतला,
संत्र्यावर ठेवला,
सवयीनं कॅलेंडरकडे मान फिरवली,
दाबला.
पंख्याच्या आवाजात खट्ट ऐकूच आलं नाही.
ती तशीच थांबली, दात दाबून,
संत्र्याच्या वतीनं.
"मामा, गेली का आत?"

केव्हाच वर आली होती.